न चाखलेलं पडवळ

अंबुजाक्का रस्त्याने खाली बघत चालायच्या. नवख्याला वाटे, काय विनयशील बाई आहे! विनयाशी त्यांची फारशी ओळख नव्हती. त्या दगड शोधत असायच्या. कालव्याच्या काठी, देवळामागे, कुणाचं बांधकाम चालू असेल तिथे एखादा दगड नजरेत भरला की पदर खोचून वाकायच्या, तो तळहातावर घेऊन डोळे मिटायच्या. मग एक तर तो पिशवीत जायचा, नाही तर "हा लबाड" असं म्हणून परत रस्त्यात. दगडातला लबाड कसा ओळखायचा, असं मी त्यांना एकदा विचारलं.

"दिसतो एक, भरतो एक, तो लबाड," त्या म्हणाल्या.

माणसांनाही त्यांचा हाच नियम होता.

हे दगड पडवळांसाठी. पडवळ मोकळं सोडलं तर वाटेल तसं वळतं, स्वतःभोवतीच वेटोळं घालून बसतं. कोवळं असताना त्याच्या टोकाला केळीच्या सोपटाने दगड बांधला की नाइलाजाने सरळ खाली वाढतं. तंजावुरात एवढं शेंबडं पोरही जाणतं. पण अक्का पडवळ वाढेल तसतसा दगड बदलायच्या. हलका पडला तर ते शेफारतं, जड झाला तर देठ तुटतो. "नाकापेक्षा मोती जड नको रे," असं म्हणत त्या रोज सकाळी मांडवाखाली उभ्या राहून एकेक दगड बोटाने उचलून बघायच्या, सोनार नथ बघतो तसं.

आमची गल्ली राजवाड्याच्या मागची. अक्कांची आणि आमची भिंत एक, परस मात्र त्यांचं मोठं. परसाला आम्ही इकडे कोल्लै म्हणतो. त्या कोल्लैत लिंबू, अबोली, भेंडी, वांगी असं बरंच काही होतं, पण सगळ्यांच्या डोक्यावर राज्य पडवळाच्या मांडवाचं. मी नोकरीची काही वर्षं सोलापुरात काढली, तिथे देवनागरीत लिहायला शिकलो. नाही तर आमच्या गल्लीत मराठी बोलायची आणि लिहायचं तमिळ, अशीच रीत. अक्कांनाही देवनागरी येत नव्हती. त्यामुळे हे त्या वाचणार नाहीत आणि मला मोकळेपणाने लिहिता येईल. आता त्या कोइमत्तूरला मुलाकडे असतात. गुडघे गेले, मांडवही गेला. ज्या प्रदर्शनाची गोष्ट मी सांगणार आहे ते त्यांचं शेवटचं.

नोकरीत असताना अक्का ओरत्तनाडूला दस्त नोंदणीच्या कचेरीत होत्या. रोज सकाळची बस, रोज तीच खिडकी. जमीन विकणारे, वाटणी करणारे, बक्षीसपत्र करणारे त्यांच्यापुढे येऊन उभे राहत, आणि हा माणूस खरोखर तोच आहे ना, एवढं बघणं हे त्यांचं काम. त्या काळातली एक गोष्ट त्या फार रंगवून सांगत. एक गृहस्थ बहिणीला घेऊन आले. बहीण आपला वाटा राजीखुशीने भावाला देत होती. साक्षीदार ठीक, फोटो ठीक. अक्कांनी त्या बाईला सहज विचारलं, "तुमच्या माहेरी विहीर कोणत्या बाजूला आहे हो?" बाई गोंधळली. भाऊच घाईघाईने म्हणाला, "पुढे, वासलापाशी, दारासमोर." अक्का म्हणाल्या, "मी बहिणीला विचारलं." बाई रडायलाच लागली. ती बहीण नव्हतीच, कुणी भाड्याने आणलेली होती.

"कागदाला काय विचारायचं?" अक्का म्हणायच्या. "कागद शिकवलेलं बोलतो. घरातलं काही विचारावं. खरं माणूस लगेच सांगतं."

हे त्या अगदी तृप्त होऊन सांगायच्या. आपलंच हत्यार एके दिवशी आपल्यावर उगारलं जाईल, असं तेव्हा त्यांना कुठून वाटणार!

दुसरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. अक्कांचं घर माध्वांचं, आणि त्यात अक्का म्हणजे कर्मठांतल्या कर्मठ. त्या चातुर्मास पाळत, तोही पूर्ण. आषाढी एकादशीला शाकव्रत सुरू होतं. महिनाभर भाजी नाही, फळ नाही, मिरची नाही, चिंच नाही. मुगाची डाळ, मिरे, जिरं, आंबा तेवढा चालतो. आता गंमत बघा, नेमक्या ह्याच महिन्यात अक्कांचा मांडव भरात यायचा. पडवळं लोंबायची, भेंड्या टवटवायच्या, आणि त्यांना पोटच्या पोरांसारखं वाढवणारी बाई आत मिऱ्याचं वरण ओरपत बसलेली असायची. त्या सगळी भाजी गल्लीत वाटून टाकायच्या. आमच्या घरात व्रत कुणीच पाळत नाही, आणि मी तर खाण्याच्या बाबतीत जन्माचा नास्तिक. त्यामुळे आषाढ-श्रावण माझे फार सुखात जायचे.

आणि ह्याच महिन्यात इथल्या एका बागकाम मंडळाचं प्रदर्शन असतं. घरी पिकवलेली भाजी, फळं, फुलं. बाजाराची चालत नाही, हा पहिला नियम.

आदल्या वर्षी अक्कांनी पहिल्यांदा पडवळ नेलं होतं. सरळ, डागाविना, माणसाच्या उंचीचं. परीक्षक नटराजन सार, सार म्हणजे इकडचे सर, शेतकी महाविद्यालयातले निवृत्त प्राध्यापक. मापं घेऊन झाल्यावर त्यांनी अगदी कौतुकाने तमिळमध्ये विचारलं, "अम्मा, घरी ह्याचं काय करता? डाळ घालून कूट्टू की नुसतं परतून? चव कशी आहे?"

अक्का म्हणाल्या, "माहीत नाही. मी खाल्लं नाही."

"हे नव्हे, ह्याच वेलाची दुसरी."

"एकही खाल्लं नाही."

मी शेजारी उभा होतो. सारांचा चेहरा बदलताना मला दिसला. त्यांनी पुन्हा एकदा पडवळाकडे पाहिलं, मग अक्कांकडे. म्हणाले, "घरी पिकवलंत आणि चाखून नाही बघितलंत?"

"नाही."

"अम्मा, हे घरचंच आहे ना?"

मागे कुणी तरी हसलं. अक्का म्हणाल्या, "घरी या. वेल बघा." सार म्हणाले, वेल काय, प्रत्येकाच्या घरी असतो. आणि त्यांनी पडवळापुढचं अक्कांच्या नावाचं कार्ड टेबलावर उलटं ठेवलं. उलटं कार्ड म्हणजे स्पर्धेतून बाद.

एका वाक्याचं काम होतं. आमच्यात ह्या महिन्यात भाजी खात नाहीत, झालं. पण इकडच्या तमिळ मंडळींना हे व्रत ठाऊक नाही, आणि अक्कांनी ते सांगितलं नाही. रिक्षात मी चिडून विचारलं, का नाही सांगितलंत? घर आल्यावर त्या म्हणाल्या, "देवाला कबूल केलेलं माणसांपुढे साक्षीला उभं करायचं काय? मी खरं बोलले. ते पुरायला पाहिजे होतं."

ते पुरलं नाही. गावात गोष्ट पसरायला किती वेळ लागतो! नोंदणीवाली अम्मा बाजारातलं पडवळ घेऊन बसली होती म्हणे. मंडईतली एक भाजीवाली, जिच्याकडून त्या वर्षानुवर्षं कोथिंबीर घ्यायच्या, थट्टेने म्हणाली, "अम्मा, पुढच्या वर्षी पडवळ माझ्याकडून न्या, लांब बघून देते." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण अक्का त्या दिवसापासून मंडईच्या त्या बाजूला गेल्या नाहीत. आयुष्यभर लोकांचं खरं-खोटं ठरवलेल्या बाईला गाव खोटं म्हणत होतं, आणि तिच्या हातात काही नव्हतं. मला त्यांची कीव आली होती, पण कीव दाखवायची सोय नव्हती. दाखवली असती तर त्यांनी मला भिंतीपलीकडे फेकून दिलं असतं.

पुढच्या वर्षी वैशाखात कुदळीचा आवाज ऐकू आला तेव्हा मी भिंतीवरून डोकावलो. अक्का आळी करत होत्या.

"पुन्हा?" मी म्हटलं.

"काय बघूलास? एट्ट ये, दोरी धर."

आमच्या बोलीत एट्ट म्हणजे इकडे, तेट्ट म्हणजे तिकडे. मी दोरी धरली. धरता धरता म्हटलं, "अक्का, लवकर लावा म्हणजे एकादशीच्या आत एखादं पडवळ येईल. तेवढं खा आणि मग प्रदर्शनाला जा. म्हणजे कुणी विचारलं तर उत्तर तयार."

त्या उभ्या राहिल्या. "उत्तरासाठी खाऊ?"

"त्यात काय बिघडलं?"

"ती भाड्याची बहीण बी घरून उत्तर पाठ करूनच आली होती," त्या म्हणाल्या आणि पुन्हा खणायला लागल्या.

वेलाच्या मनातही तेच होतं. फुलं आली, गळली, पुन्हा आली, आणि पहिलं धरलेलं पडवळ एकादशीच्या नंतरच तोडण्याजोगं झालं. त्यात मंडळाने यंदा नवा नियम काढला. नुसती लांबी नको, लांब पडवळं पुष्कळदा आतून कडू निघतात, तेव्हा परीक्षक प्रत्येकाचा एक काप कापून चाखणार. चव आणि लांबी, दोन्ही मिळून गुण.

झालं! चव बघायची, आणि बघणारीचं तोंड व्रताने बांधलेलं. मग माझी नेमणूक झाली. रोज सकाळी भिंतीवरून हाक यायची, मी जायचो, अक्का ओट्यावर विळीने पडवळाचा कच्चा काप काढायच्या आणि माझ्या तोंडासमोर धरायच्या. नुसतं खाऊन सुटका नव्हती. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत बसायच्या.

"गोड आहे," मी म्हणायचो.

"देठाकडचा?"

"तोही."

"तोंड का वाकडं केलंस मग?"

"कच्चं पडवळ आहे, अक्का. माणसाचं तोंड असंच होतं."

एकदा मी विचारलं, नुसता वास घेतला तर व्रत मोडतं का? त्यांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाल्या, वास आपोआप आला तर नाही, मुद्दाम घेतला तर मोडतं. आणि विळी धुताना मान पलीकडे वळवून उभ्या राहिल्या. मी मनापासून हसलो. त्यांनी मला चुलीतल्या लाकडाने मारायचं तेवढं बाकी ठेवलं.

मांडवावर चार वेल होते. तीन वेलांची पडवळं मी रोज चाखत होतो, सगळी उत्तम. चौथा वेल भिंतीकडचा, सगळ्यात जोमाचा. त्याच्यावर अक्कांनी एकच पडवळ ठेवलं होतं, बाकी सगळी फुलातच खुडून टाकली, म्हणजे सगळा रस त्या एकाला मिळेल. तेच प्रदर्शनाला जायचं होतं. दिवसागणिक ते खाली उतरत होतं. पांढऱ्या रेघा, हिरवा रंग, कुठे गाठ नाही, वाक नाही. फक्त त्याची चव कुणालाच माहीत नव्हती. कापलं तर प्रदर्शनाला काय न्यायचं?

"बाकीची गोड आहेत म्हणजे हेही असणार," मी म्हणायचो.

"बहीण खरी म्हणून भाऊ खरा?" अक्का म्हणायच्या.

मग आडीचा, म्हणजे तमिळ आषाढातला, वारा सुटला. आमच्याकडे तमिळमध्ये म्हणतात, आडीच्या वाऱ्यात पाटासुद्धा उडतो, आणि पाटा म्हणजे वाटायचा दगडी पाटा. तर पडवळाची काय कथा! दुपारी वाऱ्याने जोर धरला की मांडवाखालचे सगळे दगड एकदम झुलायला लागायचे, एकमेकांवर आपटायचे. पहिल्याच दिवशी तीन पडवळं देठातून तुटली. दुसऱ्या दिवशी मांडवाच्या एका कोपऱ्याचा बांबू गेला आणि त्याबरोबर आणखी पाच-सहा. मी धावत गेलो तेव्हा अक्का तुटलेल्यांकडे बघतही नव्हत्या. चौथ्या वेलाखाली स्टुलावर बसून दोन्ही हातांच्या ओंजळीत त्यांनी त्या पडवळाचा दगड धरला होता. झोत आला की हात किंचित वर, झोत गेला की खाली. देठावर ओझं पडू द्यायचं नाही, आणि पडवळ वाकूही द्यायचं नाही.

"दगड सोडून टाका ना," मी म्हटलं.

"सोडला तर वळेल. कोवळं आहे अजून."

"मग आत्ताच तोडा."

"प्रदर्शनापर्यंत मान टाकेल."

त्यांच्या बोलण्यात खोट काढायला जागा नसायची, हाच त्यांचा मोठा त्रास होता. मी दुसरं स्टूल आणलं. प्रदर्शनाच्या आधीच्या त्या सगळ्या दुपारी आम्ही आळीपाळीने दगड धरून बसलो. हाताला मुंग्या यायच्या, डोळ्यांत धूळ जायची. त्या बसल्या असल्या की मी मांडवाचे खांब धरायचो. मी बसलो असलो की त्या माझ्या हातांकडे बघत उभ्या, आणि जरा हात हलला की "अरे, अरे!" माझ्या लग्नातही मला इतकं कुणी सांभाळून वागवलं नव्हतं, आणि तेही मला नव्हे, पडवळाला. एका मोठ्या झोताबरोबर मांडवाची मागची बाजू करकरून खाली बसली. अक्कांनी फक्त डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांचं पडवळ जागेवर होतं आणि बाकी काही नव्हतं. काप गेले नि भोकं राहिली, अशी त्या मांडवाची दशा, पण हे एक राहिलं.

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. धुळीचं असेल असं मी धरून चाललो. त्याच म्हणाल्या, "ह्या वेळी बी खोटी ठरले तर पुन्हा गावात तोंड दाखवायची नाही मी. सांगून ठेवूलाय तुला."

हे त्या नाटकीपणाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या साध्या आवाजात म्हणाल्या.

प्रदर्शनाच्या सकाळी पडवळ उतरवलं. मी देठ कापला, त्यांनी ते ओंजळीपासून कोपरापर्यंत हात पसरून झेललं. आता ते न्यायचं कसं? रिक्षात मावेना. मी बांबूची शिडी आणली, तिच्यावर केळीची पानं अंथरली, पडवळ ठेवलं, वरून माझी धुतलेली ओली वेष्टी, म्हणजे धोतर, पांघरली आणि सुतळीने हलकं बांधलं. सभागृह लांब नाही, चालत जाऊ. पुढे मी, मागे अक्का.

गल्लीच्या तोंडाशी येताच एका म्हाताऱ्याने खांद्यावरचा टॉवेल काढून हात जोडले. मला आधी कळेना. मग एक स्कूटरवाला थांबला, त्यानेही मान खाली घातली. चहाच्या दुकानातले लोक उठून उभे राहिले. मागून अक्कांचा आवाज आला, "राघू! शिडी खाली ठेव!"

ठेवली. त्यांनी शिडीकडे बघितलं, पांढऱ्या वेष्टीकडे बघितलं, आणि कपाळावर हात मारला. "शांतं पापं! जिवंत पडवळाची तिरडी केलीस रे!" त्या तिथल्या तिथे परत फिरून घरी गेल्या आणि आपली पिवळी सुंगडी साडी घेऊन आल्या. वेष्टी काढून पडवळावर साडी पांघरली. मला हसू आवरेना आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसण्याची परवानगी नव्हती. मूर्तीसारख्या ताठ होऊन त्या चालत होत्या. सभागृहाच्या पायरीवर त्या थांबल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तेट्ट तू तोंड उघडायचं नाहीस. मला काही विचारलं तर मी सांगेन. व्रताचं नाव काढशील तर माझ्या उंबऱ्यात पाय ठेवू नको."

मी कबूल केलं. केलं आणि पस्तावलो.

सभागृहात जाईजुईचे गजरे, केळीचे घड, लिंबांच्या पराती, सगळीकडे लोकच लोक. पडवळांचं टेबल शेवटाला. अक्कांचं सगळ्यात लांब, ह्यात वादच नव्हता. लोक आपापसात कुजबुजत येत होते, पडवळ बघत होते, कार्डावरचं नाव वाचत होते आणि मग अक्कांकडे बघत होते. अक्का हाताची घडी घालून उभ्या. वाऱ्याशी झुंजून बोटांना पडलेल्या चिरा मला दिसत होत्या.

नटराजन सार आले. त्यांनी अक्कांना ओळखलं. नमस्कार केला, मापं घेतली, पडवळाला टिचकी मारली. मग आदल्या वर्षीच्याच सौम्य आवाजात म्हणाले, "अम्मा, ह्या वर्षी तरी चव बघितलीत ना?"

अक्कांनी त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"नाही."

"एकाही पडवळाची?"

"एकाचीही नाही."

व्रताचे शब्द माझ्या ओठांवर आले. मी अक्कांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं, आणि मी ते शब्द गिळले. सारांचा हात कार्डाकडे गेला. मग कोण जाणे काय मनात आलं, ते थांबले आणि म्हणाले, "नियम आहे तर चाखून तर बघू." त्यांनी सुरीने मधला एक पातळ काप काढला आणि तोंडात टाकला.

मी इतका वेळ अक्कांचं तोंड बघत होतो, आता सारांचं बघायला लागलो. त्यांनी एकदा चावलं. दुसऱ्यांदा चावलं, आणि त्यांचा चेहरा असा आवळला की मागची एक बाई "अय्यो" म्हणाली. त्यांनी रुमाल काढून तोंडाला लावला, पाणी मागितलं, चूळ भरली, पुन्हा पाणी प्यायले.

"कडू," ते म्हणाले. "कडूजहर!"

अक्कांचा चेहरा पांढरा पडला. सगळ्या वेलांत हा एकच वेल कडू, आणि नेमका त्याच्यावरच त्यांनी जीव लावला होता. मला वाटलं, संपलं.

आणि सार हसायला लागले. रुमालाआडून हसत हसत त्यांनी विचारलं, "अम्मा, बी कुठलं?"

"घरचं. गेल्या वर्षी एक पडवळ वेलावरच पिकवलं, राखेत ठेवलं."

"आसपास पेय्पुडल आहे?" पेय्पुडल म्हणजे रानातलं कडू पडवळ. आमच्याकडे त्याला भुताचं पडवळ म्हणतात.

"मागच्या रिकाम्या जागेत आहे. कुंपणावर."

सार टेबलावरून लोकांकडे वळले. वर्गात शिकवायचा आवाज त्यांना आपोआप लागला. म्हणाले, रात्री पतंग त्या रानवेलाच्या फुलावरून ह्या फुलावर येतात. त्या वर्षीचं फळ गोडच राहतं, पण त्याचं बी पुढच्या वर्षी लावलं तर एखादा वेल असा कडू निघतो. विकणारा शेतकरी असलं फळ एकदा चाखतो आणि वेल उपटून टाकतो. हे बाजारात कधी येत नाही, येणारच नाही. "हे फक्त एकाच ठिकाणी होतं. जो स्वतःचं बी राखतो आणि स्वतःच्या कोल्लैत लावतो, त्याच्याच घरी. हे पडवळ अम्मांच्याच घरचं आहे. माझी खात्री आहे."

लोक हसले, टाळ्याही वाजल्या. आदल्या वर्षी हसणारेच असतील. सारांनी कार्ड नीट सरळ उभं केलं, आणि म्हणाले, बक्षीस मात्र देता येणार नाही, कडू आहे. मी इतका खूश झालो की अक्कांचा हात धरून हलवला. त्या हलल्या नाहीत. टाळ्या थांबेपर्यंत वाट बघितली त्यांनी.

मग म्हणाल्या, "सार, आणि गोड असतं तर?"

सारांना प्रश्न कळला. तो सगळ्यांनाच कळला, कारण कुणी हसलं नाही. ते चष्मा पुसत उभे राहिले. काही तरी गुळगुळीत बोलून वेळ मारून नेणं त्यांना सहज शक्य होतं, मंडळाचे लोकही मध्ये पडायला तयार होते. सारांनी चष्मा लावला आणि म्हणाले, "तर मी ह्या वर्षीही कार्ड उलटं ठेवलं असतं, अम्मा."

अक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. एखादा दगड तळहातावर तोलताना त्यांचे डोळे जसे होत, तसे झाले होते.

"हे खरं बोललात," त्या म्हणाल्या आणि त्यांनी सारांना नमस्कार केला. सारांनी घाईने दोन्ही हात जोडले, आणि ते जोडलेलेच ठेवले.

पहिलं बक्षीस एका तरुण तमिळ बाईला मिळालं. तिचं पडवळ लांबीला अक्कांच्या निम्मंही नव्हतं, टोकाशी जरा वळलेलं, पण दिसायला तजेलदार. ती बाई बिचारी बावरून उभी होती. तिला वाटलं असावं, आता ही अम्मा आपल्याशी भांडणार. अक्का तिच्या टेबलापाशी गेल्या. पदराने हात पुसून त्यांनी ते पडवळ उचललं, उजेडाकडे धरून फिरवून बघितलं.

"घरचंच ना?" त्यांनी विचारलं.

"हो, अम्मा."

"चव?"

"छान आहे, अम्मा. गोड."

अक्कांनी मान डोलावली. पडवळ होतं तसं जागेवर ठेवलं आणि म्हणाल्या, "एक वेलावर पिकू दे. बी माझ्यासाठी ठेव."